'अल्प्राझोलाम झटक्यात फेका' म्हणणाऱ्यांसाठी

औदुंबर: 'गोळी कचऱ्यात टाका, चार दिवस सोसा, सुटलात' हा कालचा उपदेश वाचून डोकं फिरलं. महिनोन्‌महिने रोज घेतलेली अल्प्राझोलाम, म्हणजे चिंता-घबराटीवरची सवय लावणारी गोळी, एकदम तोडली तर नुसती झोप उडत नाही, फिटही येऊ शकते. माणूस दगावू शकतो. डोस उतरवायचा तो ५ ते १० टक्क्यांनी, दर २ ते ४ आठवड्यांनी, डॉक्टरच्या देखरेखीखाली.

झटकेबाज: किती घाबरवाल? आठ दिवस घेणाऱ्यालाही हेच?

औदुंबर: त्याला नाही. झालं समाधान?

कडूकारलं: १ मिग्रॅचे ०.९ करणार कसे? ०.२५ची गोळी एवढीशी. ब्लेड लावलं की दोन कपचे आणि भुकटी. एसआर, म्हणजे अंगात हळूहळू विरघळणारी गोळी, तर तोडायचीच नसते. शिवाय अल्प्राझोलामचा असर लवकर ओसरतो. पहाटे धडधडायला लागलं की लोक म्हणतात आजार उलटला, आणि डोस वाढवून घेतात.

औदुंबर: म्हणून तर काही डॉक्टर डायझेपामवर नेतात, त्याच जातीची पण जास्त वेळ टिकणारी गोळी. इंग्लंडच्या डॉक्टर ॲश्टनबाईंच्या हिशोबाने १ मिग्रॅ अल्प्राझोलामला २० मिग्रॅ डायझेपाम. न्यूकॅसलला १९८२ ते १९९४ त्यांनी या गोळ्या सोडवण्याचंच क्लिनिक चालवलं. बदल एकेका डोसने, आधी रात्रीचा. मग २ मिग्रॅची एक गोळी कमी म्हणजे बरोबर १० टक्के, डोस खाली आल्यावर अर्धी.

रातकिडा: आणि सत्तरीच्या आजींना? डायझेपाम अंगात साचते, रात्री बाथरूमला उठल्या की खुबा गेला. काही तक्ते त्या २०चे १०च धरतात. आकडे फेकणं सोपं असतं.

भीमथडी: सगळं केमिस्टमुळे! २०१४पासून ही औषधं एच१मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या आणि विक्रीची नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. रजिस्टरात डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं, सगळं लिहून तीन वर्षं ठेवायचं. ठेवतं कोण? जुनी चिठ्ठी दाखवा, पट्टी हातात.

रातकिडा: उद्या त्याने कायदा पाळून 'नवी चिठ्ठी आणा' म्हटलं आणि डॉक्टर सोमवारपर्यंत गावी, तर? तुमच्या शिस्तीने झटक्यात बंद झालीच की!

भीमथडी: म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची? धन्य आहात.

रातकिडा: असं मी कुठे म्हटलं? नीट वाचा. रजिस्टर हवंच, घ्या, जिंकलात. पण डॉक्टरनेही 'कमी करत जा' एवढंच खरडू नये. पायरीगणिक डोस आणि तारीख लिहावी, पुढची चिठ्ठी पट्टी संपायच्या आधी द्यावी.

कडूकारलं: आणि झोप येत नाही म्हणून मधेच क्वार्टर मारणाऱ्यांचं काय? दारू आणि ही गोळी एकत्र म्हणजे श्वास मंदावतो. त्यावर एक अक्षर नाही, केमिस्टवर मात्र महाभारत.