ग्राफिक नॉव्हेल 'वाचलं' म्हणायचं की 'बघितलं'?

खडीसाखर:
पुतण्याच्या आग्रहाखातर दोन ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांतून गोष्ट सांगणारी पुस्तकं, वाचली. आर्ट स्पीगलमनचं, नाझींच्या छळातून वाचलेल्या त्याच्या बापाची गोष्ट सांगणारं 'माउस' आणि आंबेडकरांवरचं 'भीमायन'. मत कडू आहे, आधीच सांगते. 'माउस'चा पहिला भाग एका दुपारीत संपला. चेहरे, बराकी, बंकर, सगळं चित्रकाराने ठरवून ठेवलेलं. मग मी काय करायचं?

'भीमायन'मधला लहानपणीचा, १९०१ चा प्रवास बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलाय. मसूर स्टेशनवर उतरलेली पोरं, जात कळल्यावर दुप्पट भाडं घेऊनही स्वतः गाडी न हाकणारा, बाजूने चालत येणारा गाडीवान, डबा भरलेला पण पाणी नाही म्हणून उपाशी झोपणं. ते साधं गद्य वाचताना माझा घसा कोरडा पडला होता. चित्रं बघताना मात्र 'वा, काय गोंड कला आहे' असं मनात आलं. लक्ष कुठे गेलं बघा!

टाचणी:
एका दुपारीत संपवा असं कोणी सांगितलं होतं? कविता दोन मिनिटांत संपते, म्हणून ती वाचन नाही का?

'भीमायन'मधले बोलण्याचे फुगे नीट बघितलेत? त्याचे चित्रकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी चौकटी आखल्याच नाहीत, दिग्ना या गोंडांच्या पारंपरिक नक्षीने पानाचे भाग पाडलेत. भल्या माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, आणि विटाळ मानणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. शब्द वरवर सभ्य असले तरी डंख दिसतो. हे गद्यात कसं करणार?

खडीसाखर:
नांगी एकदा कळली की कळली. पुढे प्रत्येक वेळी ती 'हा वाईट माणूस' अशी पाटीच होते. गद्यातला गाडीवान मला नुसता वाईट वाटत नाही. त्याला पैसे हवे होते आणि विटाळ नको होता. जास्त भयंकर ते आहे.

टाचणी:
गाडीवानाचा मुद्दा बिनतोड, हरलो. पण पाटीचंच म्हणाल तर 'माउस'मध्ये ज्यू उंदीर आणि नाझी मांजरं, म्हणजे सगळ्यात मोठी पाटी. दुसऱ्या भागात काय होतं आठवा. स्पीगलमन स्वतःला ड्रॉइंग टेबलाशी बसलेला काढतो. माणूसच, पण तोंडावर उंदराचा मुखवटा, आणि तो दोरीने बांधलेला दिसतो. टेबलाखाली प्रेतांचा ढीग. पाटी लावणाऱ्यानेच पाटीची दोरी दाखवली.

तिरपी ओळ:
तुमचं चालू द्या, मी मध्येच घुसतो. आमच्या वाचनालयात 'माउस' बालविभागात, पंचतंत्राच्या शेजारी! उंदीर दिसले, ठेवून दिलं. १९९२ साली अमेरिकेतल्या पुलित्झर पुरस्काराने खास गौरवलेलं पुस्तक. उलट अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यातल्या एका काउंटीच्या शाळा मंडळाने २०२२ मध्ये शिव्या आणि एका नग्न चित्राचं निमित्त करून ते आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं. थोडक्यात, मुलांना द्यावं की नाही याचा घोळ दोन्हीकडे.

मला भावला तो 'माउस'मधला बाप. ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतून जगून आलेला म्हातारा अमेरिकेत किराणा दुकानात अर्धवट वापरलेलं सामान परत करायला जातो. मुलगा आणि सून शरमेने बाहेर गाडीतच. आणि पठ्ठ्या परत करून येतोही!

खडीसाखर:
तो बाप मलाही आवडला. पण तो उभा राहतो त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीमुळे. कमाल शब्दांचीच. उंदराचे कान काढून टाका, बाप तसाच राहील.

तिरपी ओळ:
दुकानाचं पान परत उघडा. बापाचं आत काय चाललंय ते आपल्याला त्या दोघांबरोबर गाडीत बसून, काचेआडून बघावं लागतं. तिथे बाप शब्दांनी उभा राहतो का?

खडीसाखर:
उघडलं. काचेआडूनच आहे, खरंय. पहिल्या वेळी मी ते पान झरकन उलटलं होतं, कबूल.

गाडीवानाचं मात्र सोडत नाही हं. पुतण्या आता 'पर्सेपोलिस' नावाचं आणखी एक ग्राफिक नॉव्हेल आणून देतोय. काळंपांढरं आहे म्हणे. बरंय, रंगांचं कौतुक करण्यात वेळ जायचा नाही.