हाताला कळलेल्या संख्येला काय म्हणावं?

पारिजात: बालशिक्षणावरच्या लेखाचं भाषांतर करतेय, ‘सबिटायझिंग’वर अडलेय. दोन-तीन वस्तू समोर आल्या की न मोजताच आकडा कळतो, त्याला १९४९ साली हे नाव मिळालं. मूळ लॅटिन ‘सुबितुस’, म्हणजे अकस्मात. डोळ्यांपुरतं ‘नजरेनं टिपणं’ भागतंय, पण पुढे स्पर्श येतो. २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लोकांना मुठीत गोळ्या धरायला लावून किती ते विचारलं. तीनपर्यंत उत्तर झटकन, पुढे प्रत्येक गोळीगणिक वेळ वाढत गेला. मी ‘स्पर्शाने अदमास घेणे’ लिहिलं, ते संपादकांनी खोडलं. माझी आजी कनवटीला हात लावून ‘तीनच नाणी हाताला लागतायत’ म्हणायची. हेच वापरू का?

शब्दव्रती: ‘हाताला लागणे’ म्हणजे सापडणे. शास्त्रीय लेखात ‘स्पर्शगणन’ शोभेल, आणि कुणालाही कळेल.

जुनी वही: गणन कुठून आलं? मोजत नाहीत हाच तर सगळा मुद्दा आहे. आणि पारिजातताई, संपादकांनी खोडलं ते बरोबरच. अदमास ढिगाचा घेतात. पोत्यात नारळ किती, मांडवात माणसं किती. त्यात चुकायला वाव असतो. मुठीतल्या दोन चिंचोक्यांचा अदमास कुणी घेत नाही, ते हाताला ठाऊकच असतात.

शब्दव्रती: ‘अंदाज’ फारसी आहे, तोही नकोच. ‘सद्यःसंख्याबोध’ कसा वाटतो? यात गणन नाही.

माणदेशी: दादा, हा शब्द वाचेपर्यंत पाच चिंचोके मोजून होतील! एकी-बेकी खेळलाय का कुणी? समोरच्यानं ‘एकी’ म्हटलं की मूठ उघडायच्या आत आपल्याला कळायचं, जिंकलो की हरलो. तीन असले तर लगेच. सहा-सात असले की तेच हाताला नुसते ‘बरेच’ लागायचे, मग बोटांनी सरकवत बसायचं. आमचे आजोबा बैलबाजारात रुमालाखालचे सौदे करायचे. दलाल किती बोटं धरतो त्यावर भाव, तोंडानं एक शब्द नाही. ‘बोटं मोजली’ असं ते कधीच म्हणत नसत. ‘बोटं कळली’ म्हणायचे.

सहा ठिपके: मी ब्रेल वाचतो, म्हणून लिहितो. भारती ब्रेलमध्ये ‘क’ला १ आणि ३ हे ठिपके, ‘ल’ला १, २, ३. फरक मधल्या एका ठिपक्याचा. पण मी दोन की तीन असं पाहत नाही, बोटाखाली आकारच वेगळा लागतो. शिकताना मात्र मोजायचो, आणि तेव्हा एकेका शब्दाला फार वेळ लागायचा. तेव्हा ‘चाचपणे’ कृपा करून सुचवू नका. चाचपतो तो न सापडणारा माणूस.

जुनी वही: चाचपणे आणि कळणे यातला हा फरक कुठल्याही कोशापेक्षा नीट सांगितलात. माझं मत ‘हाताला कळणे’ला.

शब्दव्रती: क्रियापद मिळालं, नाम कुठे आहे? पारिभाषिक संज्ञेला नाम लागतं. आपल्याकडे हाताची मापं सगळी नामंच आहेत: चिमूट, मूठ, पसा, ओंजळ. पसायदानातही तोच पसा आहे.

जुनी वही: नाही हो! पसायदानातला ‘पसाय’ म्हणजे प्रसाद. पसा आला प्रसृतीवरून, म्हणजे पसरून खोलगट केलेला तळवा. दोघांचा संबंध नाही.

शब्दव्रती: देवापुढे पसा पसरून मागायचं ते दान. अर्थ चपखल बसतो.

जुनी वही: अर्थ बसला म्हणून व्युत्पत्ती होत नाही. प्रसादाचा पसाय जुन्या मराठीत सरळ दिसतो.

माणदेशी: आमच्याकडे भिक्षेकऱ्याला पसाभर जोंधळे घालायचे. पसा एका हाताचा, ओंजळ दोन हातांची, बरोबर ना?

वऱ्हाडातून: बरोबर. फक्त आम्ही ओंजय म्हणतो, ळ नाही.

पारिजात: लेख उद्या द्यायचाय. ‘हाताला कळणे’ धरते, पण शीर्षकाला खरंच नाम हवंय. ‘हातकळ’ केलं तर कुणाला खटकेल का?

शब्दव्रती: कळ म्हणजे वेदना. आता ‘ओंजय’बद्दल, अंजलीतल्या ल चा आधी ळ आणि मग य, हा बदल वऱ्हाडाबाहेर कुठे ऐकलाय का कुणी?