पगार नाही तं दर महिन्याची एसआयपी कशाले? (चर्चा)

कास्तकार_वणी
मंडळी, विषय काढतो, पटत नसन तं खुशाल भांडा. गावातला जो तो पोरगा मोबाईलवरून म्युच्युअल फंडात एसआयपी (ठरलेला हप्ता) टाकून राहिला, दर महिन्याच्या ५ तारखेले २ हजार अन् विसरून जा म्हणते. ज्याचा पगार १ तारखेले पडते त्याच्यासाठी ठीक हाये. आपला पैसा येते कवा? सोयाबीनचा थोडा दिवाळीच्या आगेमागे, मंग कापसाचा चुकारा, तूर निघाली तं फेब्रुवारीत. अन् जून-जुलैत खात्यात काय असते, कृषी केंद्राची उधारी! तवा ऑटो डेबिट परत जाते, फंड कंपनी दंड घेत नाही पण बँक चार्ज लावते, अन् लागोपाठ तीन हप्ते हुकले का महिन्याची एसआयपीच बंद. माझं म्हणणं असं का चुकारा आला का आधी पीक कर्ज ३१ मार्चच्या आत भरा (३ लाखापर्यंत बिनव्याजी पडते, पण वेळेवर भरलं तरच), पुढच्या पेरणीचा पैसा लिक्विड फंडात (थोड्या दिवसांसाठी पैसा ठेवायचा फंड) नाहीतर एफडीत टाका, अन् त्याच्यावर काही उरलं तं इक्विटी, म्हणजे शेअर बाजारातले फंड. तेही एकदम नाही, लिक्विडमधून एसटीपी (ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या फंडात जाते) लावून थोडं थोडं.

गुरुजी_दारव्हा
अर्धं पटलं. पण भाऊ, चुकारा हातात आला की तो उरतो का? पोरीचं लग्न, ट्रॅक्टरचं डाऊन पेमेंट, नाहीतर पाहुण्याला हातउसने. हप्ता आपोआप कापला गेला तेवढाच वाचतो हे मी माझ्याच घरात पाहतो. महिन्याची झेपत नसेल तर तिमाही एसआयपी घ्या, रक्कम ५०० ठेवा, पण शिस्त सोडू नका. "उरलं तर टाकू" म्हणणाऱ्याचं कधीच उरत नाही.

कास्तकार_वणी
गुरुजी, शिस्तीचं तुम्ही सांगता अन् सातवा वेतन आयोगही तुमचाच 😀

वावर_आन_सोनं
सट्टा हाये सगळा. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजार होता, ऑक्टोबरात ८ हजारांच्या खाली आला, विसरले का? आम्ही तं पतसंस्थेत ठेवतो, मॅनेजर गावातला, व्याज बँकेपेक्षा जास्त, रात्री दार वाजवलं तरी उठते.

आकडेमोड
@वावर_आन_सोनं अर्धीच गोष्ट सांगून राहिले तुम्ही. २०१० च्या दिवाळीत मुहूर्ताच्या सौद्याले तोच सेन्सेक्स परत २१ हजारांवर होता. म्हणजे ज्याले पेरणीसाठी २००९ च्या जूनमध्ये पैसा लागला तो बुडाला अन् ज्याले नाही लागला तो वाचला, एवढाच मुद्दा, पैसा कवा लागणार हाये ते आधी ठरवा. अन् पतसंस्थेचं म्हणाल तं बँकेतल्या ठेवीले ५ लाखांपर्यंत विमा असते, पतसंस्थेले तो लागूच नाही. दार वाजवल्यावर मॅनेजर उठन, पण तिजोरीत असलं पायजे ना.

बाकी प्रकाराचा गोंधळ दिसून राहिला म्हणून सांगतो. लिक्विड फंड ९१ दिवसांपर्यंतच्या कर्जाच्या कागदांत पैसा लावते, सात दिवसांनंतर काढला तं एक्झिट लोड (पैसा काढायचा आकार) नाही. लार्ज कॅप म्हणजे बाजारमूल्यात पहिल्या १०० कंपन्या, १०१ ते २५० मिड, त्याखालचं सगळं स्मॉल. स्मॉल कॅप म्हणजे कोरडवाहू वावर, पाऊस लागला तं घर भरते नाहीतर बियाणंही निघत नाही, अन् आपले पोट्टे मागच्या वर्षीचा परतावा पाहून नेमकं तेच घेतात. पह्यल्यांदा टाकत असान तं साधा निफ्टी इंडेक्स फंड (निफ्टीतल्याच कंपन्या घेते), नाहीतर फ्लेक्सी कॅप (लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांत पैसा लावते). अन् हो, शेतीचं उत्पन्न करमुक्त हाये, फंडाचा नफा नाही. इक्विटी वर्षाच्या वर ठेवून विकलं तं १.२५ लाखांवरच्या नफ्यावर १२.५ टक्के.

फंडवाला_पुसद
इंडेक्स घ्या, डायरेक्ट (मध्ये एजंट नाही, थेट फंड कंपनीकडून) घ्या, सगळे हेच सांगतात. २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन आहे, खर्च कमी लागतो, मान्य. आणि मला रेग्युलरमधून (एजंटमार्फतच्या प्लॅनमधून) कमिशन मिळतं, तेही लपवत नाही. पण फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये निफ्टी १२ हजारांवरून साडेसात हजारांपर्यंत घसरला तेव्हा ॲप कोणाला फोन करत नव्हतं, मी करत होतो. घाबरून विकलं असतं तर नोव्हेंबरात परत १२ हजार दिसले ते कोणाच्या कामाचे?

आकडेमोड
फोन केला ते चांगलंच, पण त्या एका फोनासाठी दरवर्षी कमिशन, तेही पंधरा वीस वर्षं? हिशोब लावून पाहा कधी.

बचतगट_ताई_मेहकर
तुमचं डायरेक्ट-रेग्युलर चालू द्या, आमच्याकडे भानगड वेगळीच आहे. समृद्धी महामार्गात जमीन गेली, मोबदला खात्यात पडला, त्याच आठवड्यात बँकेतला माणूस घरी, चहा पिता पिता काका "एफडीसारखंच आहे" म्हणून सह्या घेऊन गेला. वर्षानं दुसऱ्या प्रीमियमचा मेसेज आला तेव्हा कळलं, विम्याची युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र) आहे, पाच वर्षं पैसा निघत नाही. कागदावर पॉलिसी नंबर लिहिला असेल तर तो विमा, फोलिओ नंबर असेल तर म्युच्युअल फंड, एवढं तरी सही करायच्या आधी बघत जा. आणि नॉमिनीत बायकोचं नाव टाका, आमच्या गटात तीन जणींना नवऱ्याचे पैसे कुठं आहेत हेच माहीत नाही.

वावर_आन_सोनं
म्हणूनच म्हणतो, वावर घ्या. कोणी सही घेऊन पळत नाही.

बचतगट_ताई_मेहकर
दादा, वावराच्याच सातबाऱ्यावर किती बायकांची नावं आहेत तुमच्या गावात?

गुरुजी_दारव्हा
@कास्तकार_वणी विषय भरकटला. तिमाहीचं काय ते बोला.

कास्तकार_वणी
एप्रिल ते जूनचा हप्ता कुठून भरू, ते सांगा आधी. वर्षातून दोनदा, डिसेंबर अन् फेब्रुवारीत, स्वतःच्या हातानं टाकीन. त्याले तुम्ही बेशिस्त म्हणत असान तं म्हणा.