मदत हवी आहे: कोरियनमध्ये चांगलंच सुनवायचंय, वाक्यं सांगा

रातराणी_०७: उद्या संध्याकाळी एका माणसाला तोंडावर सुनवायचंय. इंग्रजी त्याला अजिबात येत नाही. ‘मला राग आलाय’ (ह्वा नास्सॉयो) एवढं मला येतं, पण ते फार मिळमिळीत वाटतं. ऐकून समोरचा गप्प झाला पाहिजे. ॲपने ‘दांगशिन’ घालून एक वाक्य दिलंय, ते चालेल ना? ‘आधी शांत हो’ असं कृपया कोणी सांगू नका. दोन महिने शांतच आहे.

काजवा: ‘यॉल बादा!’ म्हण. शब्दशः ‘उष्णता मिळाली’, म्हणजे डोकं तापलंय. त्याच्या वर ‘त्तुक्कॉंग यॉल्ल्यॉस्सॉ’, झाकण उडालं! मालिका बघून बघून पाठ झालंय मला. ‘प्पाक्छॉ’ (डोकं फिरलंय) तर सगळ्यात जबरी.

सुवॉनवासी: थांबा थांबा. माणूस कोण आहे? वयाने मोठा? ऑफिसातला? हे कळल्याशिवाय एकही वाक्य वापरू नका. ‘प्पाक्छॉ’ जवळच्या मित्रांत चालतं, बाहेर ते असभ्य आहे. आणि ‘दांगशिन’ तर नकोच. शब्दकोशात अर्थ ‘तुम्ही’ असला, तरी भांडणात तो शब्द निघाला की समोरचा म्हणणार, ‘मला दांगशिन म्हणतेस?’ मूळ विषय तिथेच संपतो.

काजवा: राग आल्यावर कोण अहो-जाहो करतं? अरे-तुरेवर आल्याशिवाय जरब बसत नाही.

सुवॉनवासी: कोरियात उलट होतं. बानमालवर (आपलं अरे-तुरे) जो आधी उतरतो, तोच बघणाऱ्यांना चुकीचा वाटतो. आदरार्थी क्रियापद पक्कं धरून आवाज थंड ठेवला की जास्त बोचतं. ‘नॉमु हाशिनेयो’, म्हणजे ‘तुम्ही फारच अति करताय’. समोरचा वाटेल ते बोलला तर ‘माल्स्सुमी जिनाछिशिनेयो’, ‘बोलण्यात मर्यादा सोडताय’. इथे सात वर्षं राहतोय, दोन्ही वापरून झालीत.

शेवंती: ह्वा म्हणजे मुळात आग. गिळलेल्या रागाने छातीत जळजळ, धडधड होते, त्याला तिथे ‘ह्वाब्यॉंग’ म्हणतात, आगीचा आजार. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९४च्या नियमावलीतही त्याची नोंद आहे. माझ्या आजीचं दुखणं हेच असणार, असं मला फार वाटतं. तिला कधी कोणी बोलूच दिलं नाही.

दगडूशेट_नातू: आधी हांगुल लिपी शिका. आठवड्यात येते. अवांतर: तेही वडिलांना आप्पा म्हणतात!

रातराणी_०७: लिपी येते मला. माणूस घरमालक आहे, साठीचा. देजॉन शहरात त्याच्याकडे भाड्याने राहत होते. ५० लाख वॉन (सुमारे तीन लाख रुपये) अनामत अडकलीय. दर वेळी भिंतीच्या कागदाचं नवं कारण काढतो. मला तो बानमालमध्येच बोलतो.

सुवॉनवासी: हे पहिल्या पोस्टीत हवं होतं! करार संपला की मध्येच सोडलंत? सोडतेय हे संपायच्या दोन महिने आधी कळवलं होतं? लेखी?

रातराणी_०७: मुदत पूर्ण केली. तीन महिने आधी मेसेज केला होता, त्याचं ‘बरं’ असं उत्तरही आहे.

सुवॉनवासी: मग बाजू भक्कम आहे. पोस्टात जाऊन ‘नेयोंग जुंगम्यॉंग’ (मजकुराचा दाखला राहतो असं पत्र) पाठवा. पत्राच्या तीन प्रती लागतात: एक त्याला, एक तुम्हाला, एक पोस्टाकडे. काय लिहिलं, कधी पाठवलं याचा पुरावा राहतो. कायद्याच्या सल्ल्यासाठी १३२ वर फोन करा, दुभाष्यासाठी १३४५ वर.

काजवा: पत्राने कोणी पैसे देतं का? चाकणला भावाचे अडकले होते, त्याने सोसायटीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं, दोन दिवसांत मिळाले.

सुवॉनवासी: ते इथे करू नका, हात जोडतो. चार लोकांत शिवी दिली तर फौजदारी कायद्याच्या कलम ३११ खाली अपमानाचा गुन्हा होतो. एक वर्षापर्यंत कैद किंवा २० लाख वॉनपर्यंत दंड. अनामत राहील बाजूला.

रातराणी_०७: पत्र पाठवते. पण उद्या तोंडाने काय बोलू? गिळून परत यायचं नाहीये मला.

सुवॉनवासी: गिळू नका. ‘साजांगनिम, बोजुंगगुम दोल्ल्यॉजुसेयो’, म्हणजे ‘साहेब, अनामत परत द्या’. टाळायला लागला की ‘इगॉन जॉंगमाल नॉमु हाशिनेयो’. जॉंगमालवर जोर द्या आणि पुढे गप्प राहा, त्यालाच बोलू द्या. मनातली खरी गोष्ट सांगायची तर ‘ऑगुरेयो’: माझी चूक नसताना माझ्यावर अन्याय झालाय. ‘राग आलाय’पेक्षा हा शब्द तुमच्या कामाचा आहे.

शेवंती: ऑगुरेयो. मराठीत यासाठी एकच शब्द आहे का?

रातराणी_०७: ऑगुरेयो हाच शब्द शोधत होते. सकाळी आधी पोस्टात जाते. करारावर त्याचा जुना पत्ता आहे, तोच लिहायचा का?