वाळूची पोती नंतर, आधी टायर बघा
रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणाऱ्या गाडीच्या डिकीत वाळूची पोती टाकली की मागची चाकं बर्फात जागच्या जागी फिरत नाहीत, असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. वजनाने गाडी सुटते खरी, पण वळणावर तेच वजन मागचा भाग बाहेर ओढतं. पोती नीट बांधलेली नसली तर बघायलाच नको. खरी गोम बहुतेक वेळा टायरमध्ये असते. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं, मग गाडी रिअर व्हील ड्राइव्ह असो की फ्रंट, पकड जाणारच. विंटर टायर घ्यायचे तर चारही घ्या, आणि बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण आहे ना ते बघून. नुसत्या 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल-बर्फ) या खुणेवर जाऊ नका.

अजून एक, निसरड्या उतारावर खटकन खालचा गिअर टाकू नका. रिअर व्हील ड्राइव्ह गाड्यांत इंजिन ब्रेकिंग (इंजिनामुळे गाडीला लागणारा ब्रेक) फक्त मागच्या चाकांवर येतं, आणि ती घसरली की शेपूट पुढे यायला बघते. त्यापेक्षा पायाचा ब्रेक हलका दाबलेला बरा, तो चारही चाकांना लागतो, शिवाय ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारं एबीएस असतंच. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) एरवी चालूच असू द्या, गाडी रुतली तरच तेवढ्यापुरतं बंद करा. नाहीतर ते इंजिनाची ताकद कापत बसतं आणि लोक 'पिकअपच नाही' म्हणून ओरडतात.