खेड्यातल्या पोरांना बुद्धिबळातला क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड हा काळ्याचा बचाव शिकवावा की नाही?

काळा उंट, आर्णी : परवा तालुक्याच्या स्पर्धेत आमचा आठवीतला पोरगा काळ्या सोंगट्यांनी खेळताना हरला. पांढऱ्याच्या डी४ घरातल्या प्याद्याला त्यानं डी५, सी४ ला ई६ नं उत्तर दिलं; हाच तो बचाव. पांढऱ्यानं डी५ वर प्यादी मारून घेतली, बी४-बी५ रेटलं, पोराचं सी६ चं प्यादं कमजोर पडलं आणि फक्त हत्ती-प्यादी उरलेल्या शेवटात तेच गेलं. त्याचे वडील म्हणाले, असला दबका बचाव शिकवताच कशाला? पण मी हाच शिकवणार. गावात रोजचा कोच नाही. इथं चाली पाठ नसल्या तरी पटाचा मध्य धरला, घोडे काढले, राजा कोपऱ्यात नेला की डाव उभा राहतो.

हिंगणघाटचा हत्ती : नाही पटत, भाऊ. पोट्टे पहाटेच्या एसटीनं नागपूर गाठतात, ते बरोबरीसाठी का? १९२७ च्या कापाब्लांका-अलेखिन जगज्जेतेपदाच्या सामन्यात ३४ पैकी ३२ डाव याच बचावाचे होते, अन् एकूण २५ डाव बरोबरीत सुटले. काळ्याचा सी८ चा उंट तर ई६ च्या प्याद्यामागं घरातच कोंडतो. किंग्ज इंडियन हा काळ्याचा दुसरा बचाव शिकवा, पोरगं हल्ला करायला शिकेल.

काळा उंट, आर्णी : त्याच सामन्यातला २१ वा डाव अलेखिननं काळ्या सोंगट्यांनी, याच बचावात, कापाब्लांकाविरुद्ध जिंकला. अन् उंट कोंडतो म्हणता, पण प्यादी मारून घेतल्यावर ई६ चं प्यादं डी५ वर जातं आणि उंटाची वाट मोकळी होते. पोरानं तो वेळेत काढला नाही. बी४ आल्यावर बी५ खेळून घोडा बी६ वरून सी४ ला न्यायचा, हे दाखवलं की झालं. किंग्ज इंडियनमध्ये मध्य पांढऱ्याला सोडावा लागतो. तिथं एक चाल उशिरा झाली तर लहान पोरगं गुदमरून जातं.

वर्धेची ताई : डाव हत्तींच्या शेवटात गेला ना? मग आधी तो शेवट शिकवा. एक प्यादं कमी असूनही हत्तींचे कितीतरी डाव वाचतात, पण त्यासाठी हत्ती प्याद्याच्या मागून लावायची सवय लागते. आमच्याकडे सगळे सुरुवातीवरच भांडतात.

हिंगणघाटचा हत्ती : ताईचं खरं आहे. उंटाची वाट मोकळी होते, हेही मान्य. तरी नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकल्यापासून आमच्याकडं नव्या पोरी येतात, त्यांना पहिल्या वर्षी झुंजायची गोडी लागली पाहिजे. दबून खेळायला लावलं तर दुसऱ्या वर्षी येत नाहीत. मी किंग्ज इंडियनच शिकवणार.