मदत हवी आहे : डीव्हीडीच्या आयएसओ फाइल्सचा आकार कमी कसा करावा?

नमस्कार. माझ्या दिवंगत वडिलांच्या कीर्तनांच्या ३८ डीव्हीडींच्या आयएसओ फाइल्स (म्हणजे संपूर्ण तबकडीची एकाच फाइलमधील हुबेहूब प्रत) मी करून ठेवल्या आहेत, परंतु प्रत्येक फाइल सव्वाचार जीबीच्या आसपास असल्यामुळे लॅपटॉपवर जागाच उरलेली नाही. सेव्हन-झिपने एक फाइल आवळून पाहिली. आतील एमपीईजी-२ चित्रण मुळातच संकुचित असल्याने जेमतेम शंभर एमबी वाचले.

हँडब्रेक या व्हिडिओ-रूपांतराच्या सॉफ्टवेअरने एच.२६४ या कमी जागा घेणाऱ्या व्हिडिओ-प्रकारात रूपांतर केल्यावर तीच फाइल १.२ जीबीवर आली. मात्र चिपळ्या वाजवताना वडिलांच्या बोटांच्या कडांवर कंगव्याच्या दात्यांसारख्या आडव्या रेघा दिसू लागल्या. मूळ ७२० बाय ५७६ चे चित्र इंटरलेस्ड (एकाच फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक असलेले) असल्यामुळे डीइंटरलेसिंग, म्हणजे त्या ओळी वेगळ्या करून सलग चित्र बनवणे, करावे लागेल, हे मला समजते. परंतु त्यासाठी नेहमीचे यॅडिफ हे फिल्टर पुरेसे होईल, की सेकंदाला ५० फ्रेम्स देणारा बॉब हा पर्याय निवडावा? आरएफ (चित्राच्या गुणवत्तेचा आकडा; तो जितका लहान, तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी) १८ ठेवावा की २०? ध्वनी मी पासथ्रूने जसाच्या तसा ठेवणार आहे, कारण त्यांचा आवाज आता एवढाच शिल्लक आहे.

काही तबकड्या आता वाचल्याच जात नाहीत, त्यामुळे रूपांतरानंतर मूळ आयएसओ पुसाव्यात की वेगळ्या हार्ड डिस्कवर जपाव्यात, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.